अंगमर्दन : शास्त्र आणि उपयोग

पलंगाच्या कडेवर गुडघा आपटला की मनुष्याचा हात आपोआप तेथे जातो आणि तो दुखरा भाग चोळू लागतो. हे त्याला कोणी शिकविलेले नसते. लहान मूल पडून रडू लागले म्हणजे आई लागलेल्या जागेवरून हात फिरविते, आणि थोड्याच वेळात मूल शांत होते. या साध्या अनुभवातूनच अंगमर्दनाची कला जन्माला आली असावी. हाताच्या चोळण्याने दुखणे कमी का व्हावे? ते खरोखर कमी होते, की तसा केवळ भास होतो? आणि ज्या हाताने बरे वाटते त्याच हाताने कधी अपाय होतो काय? या तीन प्रश्नांचा विचार या पुस्तिकेत केला आहे.

१. घरोघरची रीत

आपल्या देशात अंगमर्दन परिचित नाही असा प्रांत क्वचितच सापडेल. महाराष्ट्रात दिवाळीच्या पहाटे तेल-उटणे लावून अभ्यंगस्नान करितात. बाळ आणि बाळंतीण यांना रोज तेल लावून न्हाऊ घालण्याची चाल अनेक घरांत टिकून आहे. तालमीत मेहनत झाल्यावर पहिलवान एकमेकांचे अंग रगडितात. केरळात कळरी या युद्धकलेचे शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांच्या शरीराला तेल लावून मर्दन करण्याची परंपरा आहे. उत्तर भारतात थंडीच्या दिवसांत तान्ह्या मुलांना कोवळ्या उन्हात ठेवून मोहरीच्या तेलाने चोळितात. न्हाव्याच्या दुकानातील चंपी तर सर्वत्र प्रसिद्ध आहे.

एखादी रीत जुनी व सर्वत्र रूढ आहे एवढ्यावरून विज्ञान तिला खरी मानीत नाही, आणि खोटीही ठरवीत नाही. ते तिची परीक्षा घेते. अंगमर्दनाची अशी परीक्षा गेल्या काही दशकांत झाली आहे. तिच्यातून निघालेले निष्कर्ष काही बाबतींत रूढ समजुतींना आधार देतात, तर काही बाबतींत त्यांना धक्काही देतात.

२. थोडा इतिहास

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात रोजच्या आरोग्यविषयक नियमांमध्ये अभ्यंगाचा समावेश केलेला आहे. तेल मुरलेला घडा, तेल लावलेले चामडे आणि वंगण घातलेला गाडीचा आस हे जसे टिकाऊ होतात, तसे अभ्यंगाने शरीर होते, असा दृष्टान्त तेथे दिला आहे. वाग्भटाने अष्टांगहृदयात दिनचर्येच्या अध्यायात अभ्यंग नित्य करावा व मस्तक, कान आणि पाय यांकडे विशेष लक्ष द्यावे असे सांगितले आहे. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. या ग्रंथकारांनी अभ्यंग कोणी करू नये हेही सांगितले. नुकताच ताप आलेल्या आणि अजीर्ण झालेल्या मनुष्याला अभ्यंग करू नये, असे सुश्रुताने स्पष्ट बजाविले आहे.

ग्रीसमध्ये हिपोक्राटीसच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या वैद्यकीय लेखनात, वैद्याला ज्या अनेक गोष्टींचा अनुभव हवा त्यांत मर्दनही गणले आहे. सैल सांधा घट्ट करण्यास आणि आखडलेला सांधा मोकळा करण्यास त्याचा उपयोग होतो, असे तेथे म्हटले आहे.

अर्वाचीन काळात हिंदुस्थानातील मर्दनाची कीर्ती इंग्लंडात पोहोचविणारा पुरुष म्हणजे शेख दीन महंमद. तो 1759 साली पाटणा येथे जन्मला. पुढे ब्रायटन या समुद्रकाठच्या गावी त्याने स्नानगृह काढले. तेथे वाफेचे स्नान आणि हिंदी पद्धतीचे मर्दन मिळे. राजा चौथा जॉर्ज आणि चौथा विल्यम यांनी त्याची या कामी नेमणूक केली होती. ‘दाबा, चेपा’ या अर्थाच्या ‘चांपो’ या हिंदी शब्दावरून इंग्रजीत ‘शॅम्पू’ हा शब्द झाला. प्रथम त्याचा अर्थ मर्दन असाच होता. डोके धुण्याचा अर्थ त्याला नंतर चिकटला. आज हा शब्द बाटलीतून आपल्याच घरी परत आला आहे.

एकोणिसाव्या शतकात हॉलंडमधील डॉक्टर योहान मेत्सगर यांनी मर्दनाच्या क्रियांचे पद्धतशीर वर्गीकरण केले आणि युरोपातील वैद्यकात मर्दनाला मान मिळवून दिला. 1894 साली इंग्लंडात शिक्षित मर्दनकर्त्या स्त्रियांची एक संस्था निघाली. आज भौतिकोपचाराचे जे शास्त्र रुग्णालयांतून दिसते त्याच्या मुळांपैकी एक मूळ येथे आहे.

३. मर्दनाच्या क्रिया

मर्दनाचे मुख्य प्रकार सांगण्यासाठी परकीय शब्दांची गरज नाही. मराठीतील रोजच्या क्रियापदांनी ते नीट सांगता येतात.

पहिला प्रकार कुरवाळण्याचा. तळहात पूर्ण टेकवून सावकाश लांब हात फिरवावयाचा. प्रारंभी तेल पसरण्यासाठी आणि शेवटी शरीर शांत करण्यासाठी ही क्रिया करितात. दुसरा प्रकार तिंबण्याचा. कणीक तिंबावी त्याप्रमाणे स्नायू मुठीत धरून, दाबून, सोडावयाचा. तिसरा चोळण्याचा. बोटाच्या किंवा अंगठ्याच्या टोकाने लहानशा जागेवर वर्तुळाकार घर्षण करावयाचे. चौथा थोपटण्याचा, आणि पाचवा चेपण्याचा. दमलेल्या वडील माणसांचे पाय चेपणारे मूल हा पाचवा प्रकार कोणत्याही शिक्षणावाचून उत्तम करिते.

४. त्वचेखाली काय घडते?

त्वचा हे आपले सर्वांत मोठे इंद्रिय आहे. प्रौढ मनुष्याची त्वचा पसरली तर सुमारे दीड ते दोन चौरस मीटर जागा व्यापील. तिच्यात दाब, कंप, ताण, उष्णता आणि वेदना यांची वार्ता घेणारे मज्जातंतूंचे असंख्य अग्रभाग विखुरलेले आहेत. दाबाचे रूपांतर विद्युत्संदेशात करणारी प्रथिने कोणती, हे कोडे आर्डेम पाटापुटियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2010 साली उलगडले. त्याबद्दल त्यांना 2021 चे नोबेल पारितोषिक डेव्हिड ज्युलियस यांच्यासमवेत मिळाले.

आता आपटलेल्या गुडघ्याकडे वळू. स्पर्शाचा संदेश नेणारे तंतू जाड असतात. त्यांतून संदेश सेकंदाला कित्येक दशक मीटर या वेगाने धावतो. बोथट, रेंगाळणाऱ्या वेदनेचे तंतू अतिशय बारीक असतात. त्यांतील संदेशाचा वेग सेकंदाला सुमारे एक मीटर, म्हणजे मनुष्याच्या चालण्याइतका असतो. हे दोन्ही संदेश पृष्ठरज्जूत एकत्र येतात. 1965 साली रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी अशी उपपत्ती मांडली की, पृष्ठरज्जूत जणू एक दार आहे. स्पर्शाचे संदेश मोठ्या प्रमाणावर येऊ लागले म्हणजे ते दार अंशतः लागते आणि वेदनेचे थोडेच संदेश मेंदूकडे जातात. या उपपत्तीच्या तपशिलात पुढे पुष्कळ सुधारणा झाल्या. तथापि चोळल्याने वेदना कमी होणे हा निव्वळ भास नव्हे, हे तिच्यामुळे पटले.

याखेरीज केसाळ त्वचेत आणखी एका जातीचे बारीक तंतू असतात. सेकंदाला एक ते दहा सेंटिमीटर या मंद गतीने हात फिरविला असता ते सर्वांत जास्त चेततात. हात याहून फार वेगाने किंवा फार हळू फिरला तर त्यांचा प्रतिसाद मंदावतो. स्वीडनमधील संशोधकांनी मनुष्याच्या मज्जातंतूत सूक्ष्म सुई घालून हे मोजले आहे. मूल निजविताना आई ज्या वेगाने पाठीवरून हात फिरविते तो वेग बहुधा याच मर्यादेत असतो.

स्पर्शाप्रमाणे दाबाचाही परिणाम होतो. नीला म्हणजे हृदयाकडे रक्त परत नेणाऱ्या वाहिन्या. त्यांतून रक्त एकाच दिशेने जावे म्हणून ठिकठिकाणी झडपा असतात. ऊतींतील जास्तीचा द्रव परत नेणाऱ्या लसिकावाहिन्यांतही अशाच झडपा आहेत. म्हणून हातापायांवर मर्दन करिताना जोर हृदयाच्या दिशेने द्यावा असा नियम आहे. शस्त्रक्रियेनंतर हातास लसिकेची सूज राहिलेल्या रुग्णांत, प्रशिक्षित व्यक्तीने केलेले हलके मर्दन पट्टीबंधनाच्या जोडीने उपयोगात आणितात.

स्वतः करून पाहा : इंग्लंडातील विल्यम हार्वी याने 1628 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हा प्रयोग वर्णिला आहे. हात काही वेळ खाली सोडून ठेवा. मनगटापासून कोपराकडे जाणारी एखादी ठसठशीत नीला निवडा. मनगटाच्या बाजूस एक बोट दाबून धरा व दुसऱ्या बोटाने त्या नीलेतील रक्त कोपराच्या दिशेने सारा. मधल्या भागात एखादी झडप असेल तर दुसरे बोट उचलल्यावरही रक्त मागे येत नाही व नीलेचा तेवढा भाग रिकामा राहतो. आता मनगटाजवळचे बोट उचला. नीला खालून भरून येते.

५. प्रयोगांची साक्ष

नवजात बालके : 1986 साली अमेरिकेत टिफनी फील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अपुऱ्या दिवसांच्या 40 बालकांवर प्रयोग केला. त्यांपैकी निम्म्या बालकांना दहा दिवस, दिवसातून तीन वेळा, पंधरा पंधरा मिनिटे हलके मर्दन व हातापायांची हालचाल दिली. उरलेल्यांना नेहमीचीच शुश्रूषा मिळाली. मर्दन मिळालेल्या बालकांच्या वजनातील दैनिक वाढ 47 टक्क्यांनी अधिक भरली, आणि विशेष हे की त्यांनी दूध अधिक घेतले नव्हते. पाळण्याशेजारच्या आजीबाईंच्या अनुभवाला रुग्णालयात मिळालेली ही पुष्टीच म्हणावयाची. मात्र प्रयोग लहान होता, आणि तो डॉक्टरांच्या देखरेखीखाली झाला होता, हे विसरू नये.

थकलेले स्नायू : 2012 साली कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात 11 तरुणांना दमछाक होईपर्यंत सायकल चालविण्यास लाविले. नंतर प्रत्येकाच्या एकाच मांडीचे दहा मिनिटे मर्दन केले आणि दोन्ही मांड्यांच्या स्नायूंतील सूक्ष्म तुकडे काढून तपासले. मर्दन केलेल्या मांडीत दाहाच्या रासायनिक खुणा कमी आढळल्या. ज्याच्या त्याच्या दुसऱ्या मांडीशीच तुलना केली, ही या प्रयोगातील युक्ती विद्यार्थ्यांनी लक्षात घ्यावी.

पाठदुखी : कमरेच्या व पाठीच्या दुखण्यावरील 25 चाचण्यांचा एकत्रित आढावा 2015 साली घेण्यात आला. मर्दनाने थोड्या काळापुरता आराम पडतो असे दिसले. पण पुराव्याचा दर्जा कमी असल्याने त्यावर फार विसंबता येत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता.

मनःस्वास्थ्य : 2004 साली 37 चाचण्यांचा आढावा प्रसिद्ध झाला. एका वेळच्या मर्दनाने त्या वेळची चिंता, रक्तदाब आणि हृदयाचे ठोके कमी झाल्याचे त्यात आढळले. परंतु सर्वांत मोठा परिणाम दिसला तो अनेक वेळा केलेल्या मर्दनाचा. त्याने मुरलेली चिंता आणि खिन्नता कमी झाली होती.

या सर्व प्रयोगांत एक अडचण आहे. औषधाच्या चाचणीत काही रुग्णांना खरी गोळी व काहींना हुबेहूब तशीच निरुपयोगी गोळी देता येते. कोणास काय मिळाले हे रुग्णास कळत नाही. मर्दनाच्या बाबतीत हे कसे करावे? आपल्या अंगाला कोणी हात लावला की नाही हे प्रत्येकाला कळतेच. म्हणून आरामाचा किती भाग मर्दनाचा, किती विश्रांतीचा आणि किती दुसऱ्याने आपुलकीने दिलेल्या वेळाचा, हे वेगळे काढणे कठीण जाते.

६. तपासून पाहण्याजोग्या समजुती

व्यायामानंतर स्नायूंत साचलेले लॅक्टिक आम्ल मर्दनाने धुऊन निघते, असे आखाड्यांत आणि क्रीडांगणांवर नेहमी ऐकू येते. वस्तुतः हे द्रव्य मर्दनावाचूनच सुमारे तासाभरात कमी होते. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तर मर्दनाच्या दाबाने रक्तप्रवाहात अडथळा येऊन त्याचा निचरा मंदावल्याचे आढळले. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग दुखते ते या आम्लामुळे नव्हे. अनभ्यस्त श्रमाने स्नायुतंतूंना झालेल्या सूक्ष्म इजेमुळे. मर्दनाने हे दुखणे काहीसे सुसह्य होते, हे मात्र खरे.

मर्दनाने शरीरातील विषे बाहेर पडतात, ही समजूतही निराधार आहे. ते काम यकृत आणि मूत्रपिंडे करितात. मर्दनाने चरबी वितळत नाही. तान्ह्या बाळाचे नाक ओढून सरळ होत नाही, की डोके दाबून वाटोळे होत नाही. मर्दनाने कॉर्टिसॉल हे ताणाशी निगडित संप्रेरक फार घटते असे सांगण्यात येते. परंतु 2011 सालच्या आढाव्यात ही घट अगदी अल्प असल्याचे दिसून आले. मन शांत होते हे खरे. त्याचे हे एक कारण म्हणून सांगितले जाते, ते मात्र टिकत नाही.

७. नियमितपणाचे महत्त्व

वरील विवेचनावरून ध्यानात येईल की मर्दनाचा लाभ खरा आहे, पण तो बेताचा आणि अल्पकाळ टिकणारा आहे. म्हणूनच त्यात नियमितपणाला महत्त्व येते. वर्षातून एकदा पोटभर जेवून जसे पोषण होत नाही, तसेच हे आहे. 2014 साली जुनाट मानदुखीच्या 228 रुग्णांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. चार आठवडे आठवड्यातून दोन किंवा तीन वेळा तासभर मर्दन मिळालेल्यांना स्पष्ट लाभ झाला. अर्ध्या तासाच्या मर्दनाचा तसा लाभ दिसला नाही.

घरी तासभर सवड काढणे प्रत्येकास शक्य नसते. तरी रात्री निजण्यापूर्वी दहा मिनिटे आपल्याच पायांना देता येतात. खाली बसून थोडे तेल तळहातावर घ्यावे. घोट्यापासून गुडघ्याकडे सावकाश हात फिरवावा. मग पोटरी हळूहळू तिंबावी, अंगठ्याने तळपाय चोळावा व शेवटी पुन्हा हात फिरवावा. दाब सुखद असावा. दुखले म्हणजे गुण येतो, ही कल्पना चुकीची आहे. तेलामुळे घर्षण कमी होते व त्वचा मऊ राहते. तिळाचे किंवा खोबऱ्याचे साधे तेल पुरते. त्यासाठी महाग तेलाची जरुरी नाही. तेलकट पायांनी फरशीवर चालू नये, घसरण्याची भीती असते.

८. मर्दन केव्हा करू नये

या पुस्तिकेतील बाकी सर्व विसरले तरी चालेल. हे प्रकरण मात्र लक्षात ठेवावे.

एकाच पायाची पोटरी अकस्मात सुजली, दुखू लागली, गरम लागू लागली तर ती चोळू नये. आतील नीलेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते. चोळल्याने ती सुटून फुप्फुसात गेल्यास प्राणावर बेतते. शस्त्रक्रियेनंतर, दीर्घकाळ अंथरुणावर पडून राहिल्यावर आणि बाळंतपणानंतर हा धोका वाढतो. म्हणून बाळंतिणीला रोज तेल लावणाऱ्या घरात ही खूण सर्वांना ठाऊक असावी, आणि ती दिसताच तिला तत्काळ रुग्णालयात न्यावे.

पडून कोपर दुखावले तर ते चोळू नये. अशा दुखापतीनंतर जोराने मर्दन केल्यास स्नायूंच्या आत हाड तयार होऊ लागते आणि कोपर कायमचे आखडू शकते. मुले झाडावरून किंवा सायकलवरून पडली की त्यांना तेल लावून चोळण्यासाठी नेतात. त्याऐवजी हात झोळीत बांधून डॉक्टरांकडे न्यावे. हाड मोडल्याची शंका असेल तेथे, आणि ताज्या मुरगळीवर सूज असेपर्यंत, हाच नियम पाळावा.

मानेला झटका देऊन ‘कट्’ असा आवाज काढण्याची चाल काही केशकर्तनालयांत आहे. मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रोहिण्यांना त्याने इजा होऊन पक्षाघात होऊ शकतो. डोक्याची चंपी खुशाल घ्यावी; मानेला झटका देऊ देऊ नये.

ताप, त्वचेचा संसर्गजन्य रोग, भाजलेली जागा व उघडी जखम असताना मर्दन टाळावे. रक्त पातळ करणारी औषधे घेणारे, ठिसूळ हाडांचे वृद्ध, गरोदर स्त्रिया आणि कर्करोगाचे रुग्ण यांनी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. बाळाच्या नाकात व कानात तेल घालू नये. नाकातील तेल फुप्फुसात उतरून तेथे दाह होतो.

९. समारोप

अंगमर्दन हे रोगहारक औषध नव्हे. त्याने वेदना काही काळ कमी होते, स्नायू सैलावतात, मन शांत होते आणि झोप लागण्यास साहाय्य होते. एवढे उपकार करणारी आणि दोन हात व थोडे तेल यांपलीकडे काही न मागणारी रीत सांभाळण्याजोगीच आहे. मात्र हात लावण्यापूर्वी, हे दुखणे चोळण्याचे आहे की डॉक्टरांना दाखविण्याचे, हा प्रश्न प्रत्येक वेळी स्वतःस विचारावा. सुश्रुताने हा विवेक सांगितला होता. आजचे विज्ञान अधिक प्रमाणांसह तोच सांगत आहे.

विचारासाठी प्रश्न

1. हातापायांवर मर्दन करिताना जोर हृदयाच्या दिशेने का द्यावा?
2. सायकलच्या प्रयोगात एकाच मांडीचे मर्दन का केले? दोन निरनिराळ्या व्यक्तींची तुलना केली असती तर कोणती अडचण आली असती?
3. औषधाच्या चाचणीपेक्षा मर्दनाची चाचणी अवघड का?
4. आपल्या घरी मर्दनाविषयी कोणत्या समजुती आहेत त्यांची यादी करा. त्यांतील कोणत्या प्रयोगाने तपासता येतील, ते लिहा.
5. शेजारच्या बाळंतिणीची एक पोटरी सुजली आहे आणि घरची माणसे तेल गरम करीत आहेत. आपण त्यांना काय सांगाल?